लग्न जुळवायला मंडळ आहे, नंतर सोबत कोणाची? (वडोदरा)

सुरसागरकाठ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

आमच्या मंडळाचं वधूवर नोंदणीचं काम मी बरीच वर्षं पाहते. दांडियाबाजारात मेळावा असला की सकाळपासून पत्रिका, फोटो, अपेक्षांचे फॉर्म, आईवडिलांची धावपळ. लग्न ठरेपर्यंत आपण केवढी यंत्रणा उभी करतो! अक्षता पडल्या की फाईल बंद. त्यानंतर त्या दोघांना कोणी विचारलंच तर "गोड बातमी कधी?" एवढंच विचारतं. आणि बिनसल्याचं बाहेर फुटलं की "नेमकं झालं तरी काय?"

अलीकडे आम्हीच जमवून दिलेल्या लग्नांतली माणसं परत यायला लागली आहेत. कधी मुलगी एकटी येते, कधी मुलाची आई. आमच्याकडे येतात, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते माहीत नसतं. येतात तेव्हा बहुतेकदा नोटीस निघालेली असते, दागिन्यांच्या याद्या तयार असतात, दोन्ही घरांत बोलणं बंद असतं. त्याच्या आधीचा काळ, जेव्हा दोघंही कुरकुरत होती पण एकमेकांसाठी चहा करत होती, तो कोणाच्याच कामी आला नाही. मला ते फार लागतं.

मदत लवकर पोचली पाहिजे आणि ती कोणाच्याही बाजूची नसलेल्या माणसाकडून मिळाली पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे. मंडळाने हे काम अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पण कसं? तुमच्या संसारात कशाचा उपयोग झाला, कशाने जास्त बिघडलं, आणि मंडळाची पायरी चढायला तुम्हाला काय आडवं येईल, ते मोकळेपणाने लिहा. नावं नकोत.

---

कोठीरोड | शनिवार, रात्री १०:१५

ताई, भावना पोचली. पण मला थोडी शंका आहे. आम्ही वाड्यात वाढलो. नवराबायकोचं वाजलं तर शेजारच्या काकू संध्याकाळी निवडायला भाजी घेऊन यायच्या आणि बोलता बोलता गाठ सुटायची. कोणी समुपदेशन म्हणत नव्हतं. आता वाघोडिया रोडला, गोत्रीला फ्लॅट झाले, दारं बंद झाली. मग परक्यासमोर घरचं मांडायचं का? घरातल्या वडीलधाऱ्यांनाच पुन्हा मध्ये आणता येणार नाही का?

---

स्वतःचं_घर | शनिवार, रात्री ११:०२

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. भाजी निवडताना गाठ सुटायची ती बहुतेकदा बाईनेच पडतं घेऊन सुटायची. "जुळवून घे, पुरुषाचा स्वभाव असतो" हे काकूच सांगायच्या.

माझ्या वेळी वडीलधाऱ्यांची बैठक बसली होती. दोन्हीकडचे मामा, काका, आत्याचे यजमान सोफ्यावर, मी स्वयंपाकघराच्या दारात. माझा नवरा एका टोकाला खाली मान घालून. दोन तास सगळे बोलले, आम्ही दोघं सोडून. शेवटी ठरलं काय, तर मी नोकरी सोडावी आणि त्याने दर रविवारी मला बाहेर न्यावं. तो खरं तर वाईट माणूस नव्हता. त्याच्या मनात काय आहे हे मला त्या बैठकीतही कळलं नाही, आणि घटस्फोटाच्या कागदावर सही करतानाही कळलं नाही.

सुरसागरताई, तुमचा धागा मला हवा होता तेव्हा नव्हता. पण एक अट घाला: "लग्न वाचवलं" हा यशाचा हिशेब ठेवू नका. काही जोडप्यांना नीट, अपमान न होता वेगळं व्हायलाही मदत लागते. आणि जिथे मारहाण आहे तिथे समजूत घालायला कोणी बसूच नये.

---

मांजलपूरकर | रविवार, सकाळी ८:२०

आमचा अनुभव देतो. मी मकरपुऱ्याला कंपनीत आहे, तीन पाळ्या. बायको गुजराती, प्रेमविवाह. घरात आई, बाबा, आम्ही दोघं, मुलगी.

भांडणाचे विषय ऐकले तर कोणालाही क्षुल्लक वाटतील. गणपतीच्या नैवेद्यात डाळीला गूळ किती. नवरात्रात ती ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर गरब्याला जाणार की सोसायटीत थांबणार. मी रात्रपाळी करून झोपलेलो असताना कुकरच्या शिट्ट्या. पण दर वेळी गाडी तिथेच यायची: ती आवाज चढवून बोलायची, मी गप्प बसायचो. मी जितका गप्प, तितका तिचा आवाज वर. मग मी गाडी काढून सुसेन सर्कलपर्यंत चक्कर मारून यायचो, आणि आल्यावर दोन दिवस अबोला.

कंपनीच्या डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं. बायको आधी एकटी गेली, नंतर मी. बाईंनी चूक कोणाची हे कधीच विचारलं नाही. आम्हाला समोरासमोर बसवलं. ती बोलेल ते मी माझ्या शब्दांत परत सांगायचं, आणि तिने "हो, असंच" म्हटल्याशिवाय माझी बाजू मांडायची नाही. मग उलट. पहिल्यांदा मला ते परत सांगताच येईना. तिला जे म्हणायचं होतं ते गुळाबद्दल नव्हतंच. या घरात आपलं म्हणून काही करायला मिळत नाही, हे ती किती तरी दिवस सांगत होती.

आता गौरीच्या दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक पूर्ण तिच्या पद्धतीने होतो. आईने आधी तोंड वाकडं केलं, मग उंधियो मागून घेतला. भांडणं अजूनही होतात. अबोला मात्र गेला.

---

रेवातीर | रविवार, सकाळी ९:०५

+१. त्या "परत सांगायच्या" गोष्टीसाठी वाचनखूण साठवली.

---

मनाचा_ओटा | रविवार, दुपारी १२:४५

मी मानसशास्त्रज्ञ आहे, वडोदऱ्यातच जोडप्यांबरोबर काम करते. धागा वाचून राहवलं नाही, म्हणून जरा लांब लिहिते.

मांजलपूरकरांनी जे लिहिलं आहे त्यावर मोठं संशोधन झालं आहे. अमेरिकेत जॉन गॉटमन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९८० च्या दशकात जोडप्यांना प्रयोगशाळेत बोलावून, ज्यावरून त्यांचं खरोखर वाजतं त्या विषयावर बोलायला सांगितलं. चेहरे टिपले, नाडी मोजली आणि नंतर वर्षानुवर्षं त्यांची खबर ठेवली. अशाच एका अभ्यासात १२४ नवविवाहित जोडपी होती, १९९९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. भांडणाची पहिली तीन मिनिटं कशी जातात, यावरून पुढे कोण वेगळं होण्याचा धोका जास्त आहे याचा अंदाज येतो, असं त्यात दिसलं. म्हणजे विषयापेक्षा सुरुवात महत्त्वाची. "दूध आणायचं राहिलं, सकाळी माझी पंचाईत झाली" हे एक बोलणं. "तुझं कशात लक्षच नसतं, तुमच्या घरात पद्धतच नाही" हे दुसरं. दुसऱ्या वाक्यात दुधाचा प्रश्न कधीच मागे पडला, आता पूर्ण माहेरची किंवा सासरची अब्रू पणाला लागली.

गॉटमन चार सवयी सांगतात ज्या नातं पोखरतात: वागण्याऐवजी स्वभावावरच टीका, तुच्छतेने बोलणं, प्रत्येक गोष्टीवर बचाव, आणि भिंत होऊन बसणं. सगळ्यात घातक तुच्छता. डोळे फिरवणं, नक्कल करणं, चारचौघांत पगारावरून टोमणा. जोडपं माझ्याकडे येतं तेव्हा ती आहे का हे मी पहिल्यांदा बघते.

भिंत होणाऱ्या माणसाबद्दल मात्र गैरसमज फार आहे. गप्प बसलेल्या नवऱ्याला काही वाटत नाही असं बायको समजते. नाडी मोजली तर अनेकदा ती शंभराच्या वर असते. त्या अवस्थेत समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरतच नाही. शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. तेव्हा चक्कर मारून येणं वाईट नाही, पण जाणाऱ्याने "अर्ध्या तासात येतो, मग बोलू" असं सांगून जायचं आणि खरंच परत येऊन बोलायचं. न सांगता गेलेला माणूस मागे राहिलेल्याला सोडून गेल्यासारखाच वाटतो.

आणखी एक निष्कर्ष मी प्रत्येक जोडप्याला सांगते, कारण त्याने त्यांचे खांदे सैल होतात. नवराबायकोतले साधारण ६९ टक्के मतभेद कायमचे असतात, सुखी जोडप्यांतसुद्धा. एकाला पैसे साठवायचे असतात, दुसऱ्याला फिरायचं असतं. एकाला माणसं हवीत, दुसऱ्याला शांतता. हे सुटत नाही, त्याच्यासह नीट राहायला शिकता येतं. टिकणाऱ्या जोडप्यांत भांडण चालू असतानाही एका कडू गोष्टीमागे पाचेक गोड गोष्टी दिसल्या: मान डोलावणं, हलका विनोद, "हे तुझं बरोबर आहे" म्हणणं, हातावर हात.

पण हे सगळं अमेरिकी जोडप्यांवरून आलं आहे. तिथे घरात दोघं असतात. आपल्या घरात सासूसासरे, नणंद, आणि रोज रात्री फोनवर माहेर. त्यामुळे मी दोघांना एक काम देते: फक्त दोघांनीच घ्यायचे निर्णय कोणते, आईबाबांना विचारून घ्यायचे कोणते, याच्या दोन याद्या वेगवेगळ्या बसून लिहा. पगार कुठे जातो, माहेरी किती दिवस, मुलाला कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, बेडरूमचं दार कधी बंद. दोघांच्या याद्या शेजारी ठेवल्या की खरं भांडण टेबलावर येतं. मग ती यादी आईला कोण सांगणार? माझं उत्तर ठरलेलं आहे: ज्याची आई त्याने सांगायचं.

शरीराकडेही बघा. बाळंतपणानंतरचं नैराश्य, थायरॉईड, झोप नसणं यांनी माणूस चिडका होतो आणि घर त्याला "स्वभाव बदलला" म्हणतं. मधुमेहाने पुरुषांच्या लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो, लाजेपोटी तो जवळ येणंच टाळतो, आणि बायको समजते की त्याचं आपल्यावरचं मन उडालं. अशा जोडप्याला मी आधी डॉक्टरकडे पाठवते. आणि दारू. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून ती घरात नाही असं कोणी धरून चालू नये. रोज पिणाऱ्याच्या व्यसनावर उपचार झाल्याशिवाय संवादाचे धडे वाया जातात.

'स्वतःचं घर' यांच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. मी दोघांना आधी वेगवेगळं भेटते आणि प्रत्येकाला विचारते, "घरी भीती वाटते का?" उत्तर हो आलं तर एकत्र बसवत नाही. समोर बसून ती खरं बोलली तर त्याची किंमत तिला रात्री घरी मोजावी लागते.

---

व्हिसाची_वाट | रविवार, दुपारी ३:३०

आमच्यासारख्यांचंही कोणी लिहावं म्हणून लिहिते. लग्न झालं, नवरा कॅनडाला गेला, मी कारेलीबागेत सासरी. व्हिसा येईपर्यंत इथेच. बडोद्यात अशा कितीतरी मुली आहेत.

आमचं भांडण व्हायला एकत्र राहणंच होत नाही. तो तिकडे रात्री दुकानात काम करून येतो तेव्हा माझी सकाळची घाई. फोन स्पीकरवर, सासूबाई शेजारी. मी "बरी आहे" म्हणते, तो "बरा आहे" म्हणतो. तिकडच्या थंडीत तो एकटा कसा राहतो ते मला कळत नाही, आणि इथे मी लग्न होऊनही पाहुणीसारखी राहते ते त्याला कळत नाही. मन ओटा ताई, यावर काही करता येतं का?

---

मनाचा_ओटा | रविवार, सायंकाळी ५:१०

येतं. आठवड्यातून एक कॉल फक्त दोघांचा ठेवा, गच्चीवर किंवा कमाटीबागेत जाऊन. त्या कॉलमध्ये फॉर्म, फी, पैसे पाठवले का, हे विषय बंद. एकमेकांना लहान, खरे प्रश्न विचारा: आज कोणाशी बोललास, काय खाल्लंस, कशाची धास्ती वाटली. आणि व्हॉइस मेसेज पाठवत जा, दिवसभरात सुचेल तसे. वेळ जुळत नसली तरी आवाज पोचतो. सासूबाईंना नवऱ्यानेच सांगावं की रविवारचा हा कॉल आमचा आहे. मी वर लिहिलंच आहे, ज्याची आई त्याने. ऑनलाइन समुपदेशनात तिघं तीन ठिकाणांहून बसू शकतो, त्याचाही विचार करा.

---

रावपुरा_वकील | रविवार, रात्री ९:१५

न्यायमंदिरात कोर्ट होतं तेव्हापासून वकिली करतो, बरीचशी कौटुंबिक प्रकरणं. लोकांच्या डोक्यात कायद्याबद्दल जे चित्र आहे ते थोडं दुरुस्त करावंसं वाटतं, कारण त्या चित्रामुळे माणसं उगाच घाबरतात किंवा उगाच घाई करतात.

कोर्ट म्हणजे लगेच तोडणं नव्हे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात कलम ९ आहे. त्यानुसार आधी समझोत्याचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कर्तव्यच आहे. समुपदेशकांची तरतूद त्याच कायद्यात आहे. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे लग्नाला वर्ष होण्याआधी घटस्फोटाचा अर्ज, अपवादात्मक त्रास सोडला तर, घेतला जात नाही. परस्पर संमतीने वेगळं व्हायचं असेल (त्याच कायद्यात हे कलम १९७६ च्या दुरुस्तीने आलं) तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर आणखी सहा महिने थांबावं लागतं. समेटाची शक्यता खरोखरच उरली नसेल तर ते सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं.

पण माझ्याकडे येणारी बरीच जोडपी कोर्टात येऊन समेट करायच्या मनःस्थितीतच नसतात. अर्जात एकमेकांविरुद्ध जे लिहिलं जातं ते वाचल्यावर मन आणखी विटतं. म्हणून केस दाखल करायच्या आधीच मध्यस्थी करून घ्या. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तिथे झालेलं बोलणं गोपनीय असतं, पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. हे अजूनही फार कमी बायकांना माहीत आहे.

मारहाण, धमक्या, पैसे काढून घेणं, घराबाहेर काढणं हे सगळं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात येतं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी एकत्र राहत असलेल्या घरात राहण्याचा हक्क सुनेला आहे. तातडीला १८१ 'अभयम्' हा नंबर आहे. गुजरातेत २०१५ पासून राज्यभर चालतो, दिवसरात्र. गाडीतून समुपदेशक आणि महिला पोलीस घरी येतात. या भागात मंडळाने मध्यस्थाची भूमिका घेऊ नये, बाईला सुरक्षित ठिकाणी पोचवावं, बस.

अवांतर, पण कोठीरोडकाकांसाठी मुद्दाम: बाहेरच्याने संसारात लक्ष घालणं बडोद्याला नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी घातली आणि १९३१ मध्ये बडोदे संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला. सगळ्या देशाचा हिंदू विवाह कायदा यायला १९५५ उजाडलं. महाराजांना कुटुंबं मोडायची हौस नव्हती. घरात कोंडलेल्या माणसाला दाद मागायला जागा असावी, एवढंच होतं.

---

गोत्रीची_सून | सोमवार, सकाळी ७:०५

रात्रभर बाळाला घेऊन जागी होते, तेव्हा सगळे प्रतिसाद वाचले. आमचं वकिलापर्यंत वगैरे काही नाही. मारहाण तर नाहीच. पण बाळ झाल्यापासून आम्ही नवराबायको उरलोच नाही असं वाटतं. तो फक्त "डायपर संपले का" विचारतो, मी फक्त "सिलेंडर बुक केला का" विचारते. एवढ्यासाठी कोणाकडे जायचं असतं का? लोक म्हणतील, हिला काय कमी आहे.

---

मनाचा_ओटा | सोमवार, सकाळी ९:५०

एवढ्यासाठीच जायचं असतं. मी वर सांगितलेल्या गॉटमन यांनी सहकाऱ्यांबरोबर पहिल्या बाळानंतरचा काळही अभ्यासला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश बायकांचं संसारातलं समाधान घटलेलं दिसलं. उरलेल्या एक तृतीयांश जणींच्या घरात नवऱ्याला बायकोबद्दलची ओढ आणि तिच्या जगाची खबर कायम होती. तेव्हा आज त्याला डायपरखेरीज एक गोष्ट सांगा, स्वतःबद्दलची. आणि रात्रीची एक पाळी त्याला घेऊ द्या, त्याला बाळ गुंडाळता आलं नाही तरी मध्ये पडू नका. मन सतत उदास असेल, रडू येत असेल, बाळाकडेही बघवत नसेल, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, तिथेही लगेच बोलता येतं.

---

कोठीरोड | सोमवार, दुपारी ४:२०

सगळं वाचलं. वडीलधाऱ्यांचा उपयोग नाही असं मला अजूनही वाटत नाही. पण निवाडा करायला बसण्याऐवजी नातवंडं दोन तास सांभाळायला बसावं, हे पटलं. गोत्रीच्या सूनबाईंना जवळपास कोणी नसेल तर आमची ही आणि मी आहोत, तुमच्याच बाजूला राहतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वकीलसाहेब, १९३१ च्या कायद्याचं माझे वडील सांगत असत.

---

सुरसागरकाठ | सोमवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्यकारिणीपुढे काय मांडणार आहे ते लिहिते, सुधारणा सुचवा.

मेळाव्याच्या फॉर्मसोबतच लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी एक दुपार, आईवडिलांशिवाय. 'दोघांचे निर्णय, घराचे निर्णय' ही यादी तिथेच लिहून घ्यायची, साखरपुड्याआधी. लग्नानंतर सहा महिन्यांनी मंडळाकडून एक फोन, दोघांना वेगवेगळा. महिन्यातून एक शनिवार प्रशिक्षित व्यक्ती उपलब्ध. त्यासाठी सयाजीराव विद्यापीठाच्या फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस शाखेत (आमच्यासाठी अजून होमसायन्सच, हंसाबेन मेहता कुलगुरू असताना सुरू झालेली) मानव विकास आणि कुटुंब अभ्यासाचा विभाग आहे, तिथे मी स्वतः जाऊन विचारणार आहे. बसायची जागा मंडळाच्या हॉलमध्ये ठेवणार नाही. तिथे जिन्यावरच ओळखीचे चार जण भेटतात. नोंद ठेवायची ती नावाशिवाय, आणि कार्यकारिणीलाही दाखवायची नाही. भीती आहे असं कळलं तर आम्ही समजूत घालणार नाही, १८१ आणि वकील. आणि 'स्वतःचं घर', तुमची अट पहिल्या ओळीत लिहिली आहे: किती लग्नं वाचली याचा आकडा अहवालात येणार नाही. तुम्ही या कामात याल का? बैठकीत दारात उभी राहिलेली बाई आमच्यात हवी आहे.

---

स्वतःचं_घर | सोमवार, रात्री ११:१०

येईन. शनिवार दुपारनंतर मोकळी असते. पहिल्या बैठकीला खुर्च्या गोल मांडा, सोफा नको.

---

गोत्रीची_सून | मंगळवार, सकाळी ६:४०

कोठीरोडकाका, व्यनि केला आहे. सुरसागरताई, आमचं लग्न होऊन चार वर्षं झाली, नोंदणी तुमच्याकडे नव्हती. तरी शनिवारी आलो तर चालेल का? नवऱ्याला धागा वाचायला दिला. तो म्हणाला, "विचार."

---

सुरसागरकाठ | मंगळवार, सकाळी ७:१५

नोंदणीचा काही संबंध नाही, दोघंही या. बाळ कोणाकडे ठेवायचं हे काकांशी बोलून ठरवा, आणि जागा कुठली ते मी व्यनित कळवते.